आंबा घाट न थांबता

नाचणे, रत्नागिरी
११ जानेवारी १९८७

नमस्कार लिहून झाला असं समजा आणि पुढं वाचा.

तुमचं पत्र काल मिळालं. 'तू कशी आहेस, प्रकृतीला जप' ही एक ओळ आणि त्याखाली अडीच पानं आपल्या जुन्या डॉज गाडीची. शेजारची गंगुबाई आपल्या गिरणीवर दळण घेऊन आली होती. तिनं विचारलं, "काय लिवलंय गो आप्पांनी?" मी म्हटलं, यांनी माझी चौकशी केलीय. एका ओळीपुरतं ते खरंच होतं.

गणपतीला जहाजावरून रजेवर आलात तेव्हा ती पत्र्याची ट्रंक घेऊन आलात. मी आपली वेडी, मला वाटलं निदान तळाशी एखादी साडी असेल. निघालं काय, तर परदेशात मोडीत काढलेल्या कुठल्याशा गाडीची सहा नोझलं, हवा मोजायचा डबा आणि वायरींचं शेपूट असलेली एक काळी पेटी. मग सगळी रजा तुम्ही पडवीत त्या सहा सिलेंडरच्या म्हातारीखाली घालवलीत. तिचा कार्ब्युरेटर काढून टाकायचा, पेट्रोल नोझलांनी थेट मारायचं, म्हणजे इंजेक्शन, की मग ती आंबा घाटात बंद पडणार नाही. हे मला इतक्यांदा सांगितलंत की आता दळणाला आलेल्या बायकांनाही मी समजावून देते. कार्ब्युरेटर बसलाय तापलेल्या एक्झॉस्टच्या डोक्यावर, चढणीला पेट्रोलची वाफ होते, पंप ओढत नाही, आणि मग गोदानं ओलं फडकं घेऊन खाली उतरायचं.

त्याखेरीज रजेत माझ्याशी काय बोललात ते आठवून बघते, तर हाताला काही लागत नाही. जेवायला हाक मारावी तर ओ नाही. तीन हाका मारून झाल्या की मी ताट झाकून ठेवायचे. शेवटी शेवटी मीही बोलणं टाकलं. भांडण झालं म्हणावं तर तेही नाही. तेवढंसुद्धा आपल्याला जमलं नाही.

निघताना मात्र एक वाक्य बोललात. "ही इंजेक्शनवर आंबा घाट न थांबता चढली की मी जहाज सोडलं. मग इथंच राहीन." मी ते पदराला बांधून ठेवलंय.

आता पत्रात लिहिता, मी येईपर्यंत ट्रंकेला हात लावू नको. येणार कधी, ते अडीच पानांत कुठंच नाही. म्हणजे तुम्ही आल्याशिवाय गाडी व्हायची नाही आणि गाडी झाल्याशिवाय तुम्ही यायचे नाहीत. अशी अट सासूनं घातली असती तर मी समजू शकले असते.

तर ऐका. गाडी मी करून घेणार आहे. आपल्याला मूलबाळ नाही. संध्याकाळी गिरण बंद केली की घरात माझ्याच पावलांचा आवाज येतो, आणि हल्ली तो मला आवडेनासा झालाय. मला घरात माणूस हवंय. त्यासाठी सहा नोझलं बसवावी लागली तर बसवीन.

पत्र नेहमीसारखं कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात पाठवते. तुमचं जहाज असेल तिथं ते धाडतीलच.

गोदा


८ फेब्रुवारी १९८७

काम सुरू झालं.

आपल्या वाडीतला महिपत, मिरकरवाड्याच्या बंदरात मच्छीमार लाँचींची इंजिनं दुरुस्त करतो तो, त्याला धरलं. शहरातले गॅरेजवाले ट्रंकेत डोकावून हात जोडत होते. महिपतनं एक नोझल उचललं, उजेडात धरलं, फुंकून बघितलं आणि हसला. "वयनी, ह्येच्यात काय हाय घाबरण्यासारखं? पंप नि नोझल. आमच्या लाँचीला दुसरं काय असतंय? ती डिझेल पिते, ही पेट्रोल पिणार, येवडंच."

मला त्याचं म्हणणं पटलं. रत्नागिरीत इंजेक्शन कुणाला कळत असेल तर मिरकरवाड्यालाच.

पहिल्या दिवशी त्यानं बॉनेटसमोर नारळ फोडला, पाणी शिंपडलं आणि खोबरं सगळं स्वतः खाल्लं. इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डला सहा नोझलांची घरं वेल्डरकडून करून आणली. ती पहिल्यांदा गळली, दुसऱ्यांदा गळली, मग वेल्डरची आई-बहीण काढून झाल्यावर गळायची थांबली. टाकीकडे उलट जाणारी पेट्रोलची नळी टाकली. सहा व्होल्टची बॅटरी काढून बाराची बसवली. वायरींचं काम रेडिओवाल्या गंगारामकडे दिलंय. तो काळी पेटी उघडून आत बघायला मागतो आणि मी त्याच्या हातावर मारते.

आता मुख्य गोष्ट. गंगुबाईचा लवू मुंबईहून आला तो कापडात गुंडाळलेला विजेचा पेट्रोलपंप घेऊन. "आप्पांनी दिलानी," म्हणाला. मी विचारलं, कुठं भेटले? तर म्हणतो, जहाज मुंबईला लागलेलं एक दिस. हे सांगताना तो जमिनीकडे बघत होता. चहा दिला तर अर्धा टाकून गेला.

जहाज मुंबईला लागलं. मुंबईहून इथं यायला एक रात्र लागते. लवूला शोधून पंप द्यायला वेळ मिळाला, मला एक रात्र द्यायला नाही मिळाली. मला राग आला आहे, आणि तो मी तुम्हाला कळवते आहे, कारण इथं दुसऱ्या कुणाला कळवण्यासारखा नाही. त्या रात्री मी जेवले नाही, हेही लिहून टाकते.

पंप चांगला आहे.

गोदा


२६ मार्च १९८७

शिमगा झाला. पालखी दारात आली, पोरांनी नाचवली, मी ओटी भरली. तुमच्या नावानंही नारळ दिला. वाडीतले मुंबईकर झाडून सगळे आले होते, पण माझ्याकडे कुणी धड टेकलं नाही. दरवर्षी पाय पसरून बसतात, जहाजाच्या गोष्टी विचारतात. यंदा प्रसाद घेतला की निघाले. लवू तर मला बघून परसातून निघून गेला. मला वाटलं, बाईमाणूस गाडीच्या कामात तेलकट होऊन हिंडते, ते त्यांना आवडलं नसेल. न आवडू दे.

परवा डॉज सुरू झाली.

महिपत नोझलांपाशी, गंगाराम पेटीपाशी आणि चावी माझ्या हातात. आधी नुसतीच खोकली. मग एकदम सहाही सिलेंडर लागले आणि पडवीचे पत्रे थरथरले. गंगुबाई धावत आली, तिला वाटलं गिरणीचा पट्टा तुटला. मोजून सांगायला वेळ नव्हता, पण एक अभंग म्हणून होईल इतका वेळ ती चालली, आणि विझली. तेवढ्यात मी तुम्हाला हाक मारायला तोंड उघडलं होतं. मग आठवलं की कुणी नाही.

ती नंतर अशीच करते. लागते, जरा चालते, विझते. महिपत म्हणतो नळीत हवा राहिली असणार, ती काढली की झालं. त्याच्या लाँचीचं समुद्रावरचं काम उरकलं की बघतो म्हणालाय.

तुमचं पत्र येऊन महिना झाला. मी चार विचारते तेव्हा तुम्ही एक उत्तर देता, तेही नोझलांचं. तरी लिहा.

गोदा


१९ एप्रिल १९८७

अक्षर वाकडं आलंय तिकडे लक्ष देऊ नका. उजवा हात जरा दुखावलाय, डाव्यानं लिहिते आहे. गिरणीत असं चालायचंच.

एक नोझल आणि पेट्रोलच्या रबरी नळ्यांचा जोड हवा आहे. का ते विचारू नका. कसे पाठवाल ते तुम्ही बघा.

गोदा


२४ एप्रिल १९८७

हे पत्र कंपनीच्या ऑफिसात पाठवत नाही. मुंबईत परळला, आपल्या वाडीतले चाकरमानी राहतात त्या गावकीच्या खोलीवर पाठवते आहे. तिथं कोपऱ्यात तुमची वळकटी असते म्हणे.

बसून वाचा. मी सगळं लिहिणार आहे.

हात गिरणीत दुखावला नाही, भाजला. महिपत हवा काढायला आला होता. लाँच अडली की ते लोक काय करतात, तर नोझलचा नट सैल करायचा आणि इंजिन फिरवायचं, की डिझेलबरोबर हवा फसफसून बाहेर पडते. मिरकरवाड्यात पोरगं चालायला लागलं की हे शिकतं. डिझेल अंगावर उडालं तर कपडे खराब होतात, एवढंच. महिपतचा हात सवयीनं गेला. आम्ही तिला आधी पुन्हा पुन्हा सुरू करून चांगलं तापवलं होतं. त्यानं जोड सैल केला, मला म्हणाला, "मारा चावी," आणि मी मारली. विजेच्या पंपानं पेट्रोलचा फवारा थेट तापलेल्या एक्झॉस्टवर घातला.

भडका पडवीच्या वाशांपर्यंत गेला. महिपत पाण्याला धावला. मी ओरडले, पाणी नको, पोती आण. गिरणीतली पोती भिजवून टाकली, वर जांभ्याची माती ओतली. त्यात हात होरपळला. डॉज वाचली. एक नोझल, नळ्या आणि काही वायरी गेल्या. आता हात बरा होतोय, सरकारी दवाखान्यात पट्टी बदलायला जाते.

महिपत पायरीवर बसून रडला. मी त्यालाच पाणी दिलं. म्हटलं, रडून नोझल येणार आहे का? यांना पत्र टाकायला हवं, जहाज कुठल्या देशात असेल कोण जाणे, महिने जातील. त्यावर तो नाक पुसत म्हणाला, "म्हयनं कशाला जातील वयनी? लवूला ट्रंकाल करा, आप्पा दोन दिसांत धाडतील."

म्हणून झाल्यावर त्याला कळलं, काय बोललो ते. मी त्याच्यासमोर पायरीवर बसले. मग त्यानंच सांगितलं.

तुम्हाला ऐकू येत नाही. जन्मभर इंजिनरूममध्ये काढलेत, कान गेले. दिवाळीच्या सुमारास कंपनीच्या डॉक्टरनं तपासून तुम्हाला जहाजावरून काढलं. तेव्हापासून तुम्ही परळला आहात, ऑफिसात जाऊन माझी पत्रं स्वतः घेऊन येता, आणि खोलीतल्या सगळ्यांना भैरीची शपथ घातलीत की गोदाला सांगायचं नाही. महिपत म्हणाला, "देवाची शपथ मोडली वयनी मी, आता काय व्हायचं तां होऊ दे."

म्हणजे शिमग्याला माझ्या दारात पालखी नाचवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं की माझा नवरा रात्री कुठं झोपतो. गंगुबाईलाही ठाऊक होतं. माझ्यासमोर बसून ती विचारायची, काय लिवलंय गो आप्पांनी. जहाजावर आहात असं समजून मी नकाशात बंदरं शोधत होते, आणि सगळी वाडी मला शोधताना बघत होती. याचं मला जितकं लागलं तितकं भाजलेल्या हाताचं लागलेलं नाही.

आणि आता मला डॉजचंही समजलं. कार्ब्युरेटर कानानं लावतात. स्क्रू पाव आटा फिरवायचा आणि ऐकायचं, हे तुम्हीच मला शिकवलंत. गणपतीत तुम्ही त्या स्क्रूशी दिवस दिवस बसत होता आणि गाडी आणखी बिघडत होती. मी म्हणत होते, गाडी म्हातारी झाली. काळ्या पेटीला कानांची गरज नाही. ती हवा मोजते आणि पेट्रोल तिचं ती ठरवते. आंबा घाट हे निमित्त. तुम्हाला अशी गाडी हवी होती जी बहिऱ्या माणसाला चालवता येईल.

आणि माझ्या हाका. तुम्ही ओ देत नव्हता आणि मी ताटं झाकत होते.

मी माफी मागणार नाही. तुम्ही सांगितलं नाहीत, मला कळलं नाही. पण एक विचारते. तुम्हाला वाटलं काय, की बहिरा नवरा मला चालणार नाही? अहो, गिरण सुरू असते तेव्हा मला तरी काय ऐकू येतं? बायका आणि मी दिवसभर हातवाऱ्यांनी बोलतो. जाड की बारीक, तांदूळ की नाचणी, सून नांदते की नाही, सगळं हातांनी. कुणाचं काही अडलेलं नाही.

नोझल पाठवा. नाही पाठवलंत तर मी दुसरीकडून मिळवीन.

गोदा


१७ मे १९८७

लवूकडून नोझल आणि नळ्या पोचल्या. बरोबर तुमची चिठ्ठी. 'मी येऊन काय करू. बाजूला बसलेल्या माणसाचंही कळत नाही. सगळे हसतात तेव्हा मी मागाहून हसतो. तू पत्रं लिहीत जा, ती मला पुरतात.'

ती मी इतक्यांदा वाचली की चुलीत घालावीशी वाटली. घातली नाही.

डॉज झाली. ती का विझत होती तेही गंगारामला सापडलं. हवेच्या डब्यापुढची नळी एका कडेनं फाटली होती, तिथून चोरून हवा आत जायची आणि पेटीचा हिशेब चुकायचा. पेट्रोलात हवा नव्हतीच. महिपतनं ते ऐकलं आणि कपाळावर हात मारला. आता तो माझ्या गाडीपाशी येतो तेव्हा हात पाठीमागे बांधून उभा राहतो.

काल आम्ही आंबा घाट केला. चालवायला मी होते. भाट्याच्या समुद्रकिनारी वाळूत तुम्ही शिकवलंत त्यावर भागवलं नाही, मागच्या वर्षी रीतसर लायसन काढलं. तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुम्ही तरी मला काय काय सांगितलंत? महिपत शेजारी बसला, मांडीवर मातीची बादली घेऊन. मी म्हटलं, अरे, ठेव खाली. नाही म्हणाला. लाँच बुडाली तर पोहता येतं, म्हणे, हिच्यातनं उडी कुठं मारायची?

घाटाच्या पायथ्याला साखरप्याला गाडीचं पाणी बघितलं आणि चढायला लागलो. ऊन मी म्हणत होतं. ज्या वळणावर ती दरवेळी आचके द्यायची ते वळण आलं आणि मी ॲक्सिलरेटरवर पाय दाबून धरला. ती अडखळली नाही. दुसऱ्या गिअरमध्ये, एका सुरात, ओझ्याच्या ट्रकांना मागे टाकत वर गेली. वाटेत एक यष्टी बॉनेट उघडून उभी होती, तिचा ड्रायव्हर आमच्याकडे बघत राहिला. मला खूप आनंद झाला. खोटं का बोलू, मी मोठ्यानं हसले.

वर पोचल्यावर कडेला थांबवली. महिपत म्हणाला, "चढली, वयनी." मी म्हटलं, चढली. मग तो बादलीतली माती ओतून विडी ओढायला गेला. मी एकटीच बसून राहिले. खाली आख्खं कोकण दिसत होतं. इतकी वर्षं त्या घाटात ओलं फडकं घेऊन उतरताना मी तुम्हाला शिव्या दिल्या असतील, पण तुम्ही होतात. काल गाडी थांबली नाही, मला उतरावं लागलं नाही, आणि माझ्या आयुष्यात मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. परत निघण्याआधी महिपतला माझे डोळे दिसू नयेत म्हणून मी चष्मा पुसत राहिले.

तेव्हा अट पुरी झाली. तुमचा शब्द तुम्ही दिलात, मी मागितला नव्हता.

पत्रांबद्दल लिहिता ते मला समजतं. कागदावर माझा शब्द न् शब्द तुमच्यापर्यंत पोचतो. रागावले तरी कळतं, जेवले नाही तरी कळतं. म्हणून तुम्हाला पत्रं पुरतात. मला नाही पुरत. मी पाकीट चिकटवते आणि मागे वळते तेव्हा घरात कुणी नसतं. तुम्हाला न कळलेला विनोद मी पुन्हा सांगेन. नाहीच कळला तर सोडून देऊ, एवढे काही चांगले विनोद मला येत नाहीत. पण समोर बसा.

म्हणून हे शेवटचं पत्र. यापुढे एक ओळ पाठवणार नाही. गंगुबाईकडून निरोप नाही, लवूकडून चिठ्ठी नाही. माझं काही कळून घ्यायचं असेल तर माझ्या तोंडाकडे बघावं लागेल.

येत्या शनिवारी सकाळी मुंबईची गाडी स्टँडवर लागेल तेव्हा मी डॉज घेऊन उभी असेन. एकच शनिवार. तुम्ही नाही आलात तर सोमवारपासून गाडी कोल्हापूरच्या प्रवाशांना लावणार, आणि गिरणीला माणूस ठेवणार. रडत बसणाऱ्यांतली मी नाही. रडेन, पण बसणार नाही.

मी हाक मारणार नाही. हात वर करीन. तुम्ही फक्त खिडकीतून बाहेर बघा.

गोदा